चौथ्या व्हिलाच्या अलीकडे

सहा वाजून बारा मिनिटांनी ठिपका डावीकडे वळला. तिथे उजवीकडे वळायचं होतं.

निशिकांतनं फोन जवळ आणला, मग लांब धरला, मग चष्मा कपाळावर चढवून पुन्हा जवळ आणला. ठिपका डावीकडेच चालला होता. मरीन परेडच्या तेराव्या मजल्यावरच्या गॅलरीत तो दुपारी दोनपासून बसून होता. मांडीवर लॅपटॉप, हातात फोन आणि शेजारी चहाचा कप, ज्यावर आता साय धरली होती. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे झाडं, झाडांपलीकडे समुद्रात नांगर टाकून उभी असलेली जहाजं. इथे शनिवारची संध्याकाळ होत होती. तिकडे इटलीत बारा वाजून बारा मिनिटं झाली होती, भर दुपार. मेधा सकाळी आठ वाजता व्हिचेन्झा नावाच्या गावातून भाड्याची सायकल घेऊन निघाली होती, आणि निघताना आपण कुठे आहोत ते आठ तास नवऱ्याला फोनवर दिसत राहील अशी सोय करून गेली होती. खाली तिनं लिहिलं होतं, 'बघत बस.' ही चेष्टा होती की नुसतीच सूचना, हे त्याला कळलं नव्हतं. पण तो खरोखरच बघत बसला होता. चार तास बारा मिनिटं ती त्यानं आखून दिलेल्या रेघेवरून इमानेइतबारे गेली होती, आणि आता ती रेघेवर नव्हती.

ती रेघ त्याची होती. बावन्न किलोमीटर, सहा व्हिला, एक दिवस. व्हेनिसच्या धनवान लोकांनी चार-साडेचार शतकांपूर्वी आपापल्या शेतांवर बांधलेले बंगले, आणि त्यांना जोडत जाणारा, जुन्या ट्रामच्या मार्गावरून कालव्याच्या कडेनं केलेला सायकलींचा रस्ता. लग्नाला पंचवीस वर्षं होतील तेव्हा कुठेतरी जाऊ या, असं मेधा जानेवारीत म्हणाली होती, तेही भाजी निवडता निवडता. "टूर कंपनीबरोबर मात्र नको. व्हेनिसला जाऊन सकाळी पोहे मिळाले म्हणून टाळ्या वाजवणारी माणसं मला नकोत. आपण सायकली घेऊ." एवढंच ती म्हणाली होती. बाकीचं निशिकांतनं केलं, आणि निशिकांत एखादी गोष्ट करायला घेतो तेव्हा ती गोष्ट दमून जाते. रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत, काय काय चुकू शकेल याच्या याद्या करणं हेच त्याचं बावीस वर्षांचं काम. त्यानं एक्सेलची शीट उघडली. एका पानावर रस्ता, एकावर उघडण्या-मिटण्याच्या वेळा, एकावर सामानाची यादी, तीत प्रत्येक वस्तू घरात कुठे ठेवली आहे त्याचा रकाना. चढ कुठे आहे, पाणी कुठे मिळेल, चेन पडली तर हात पुसायला काय. रोज रात्री जेवण झालं की तो नकाशावरच्या फोटोंतून त्या रस्त्यानं एकेक पाऊल पुढे जायचा. व्हिलांना त्यानं आपली नावं दिली होती: बुटक्यांचा, कारण त्याच्या भिंतीवर दगडी बुटके उभे होते, घुमटाचा, बंद खिडक्यांचा, दोन जिन्यांचा, असे. रस्त्यांचे फोटो काढणारी गाडी तिथून गेली तेव्हा नोव्हेंबर असावा. शेतं नांगरलेली, झाडं उघडी, कालव्यावर धुकं. बंद खिडक्यांच्या व्हिलाच्या फाटकाशी करड्या स्वेटरातला एक माणूस कुत्रा घेऊन उभा होता, त्याचा चेहरा पुसट करून टाकलेला. चार महिन्यांत तो माणूस निशिकांतच्या चांगला ओळखीचा झाला होता. कधी कधी तर तो केवळ त्यालाच भेटायला जायचा, फाटकाशी थांबायचा आणि मग लॅपटॉप मिटून झोपायला जायचा.

"बाबा, यू स्टिल वॉचिंग आई अह?" अदिती फ्रीजशी उभी राहून दुधाच्या डब्यालाच तोंड लावत होती. सतरा वर्षांची, ज्युनिअर कॉलेजातली, एका कानात गाणं. "शी इज नॉट अ ग्रॅब टॅक्सी, लाह."

"ती चुकली बहुतेक."

"सो? लेट हर गेट लॉस्ट. हॉलिडे व्हॉट." आणि ती खोलीत गेली. दार तिनं आपटलं नाही, हल्ली ती काहीच आपटत नसे. या घरात सगळ्यांनाच दारं हळू लावायची सवय झाली होती, ती कधीपासून, हे मात्र त्याला सांगता आलं नसतं.

ठिपका आता थांबला होता. नकाशावर तिथे काहीच नव्हतं, हिरवा रंग आणि त्यातून गेलेली बिननावाची एक पांढरी रेघ. आपल्याला काळजी वाटायला हवी, असं निशिकांतला वाटलं. त्यानं स्वतःला चाचपून बघितलं, खिशात किल्ली आहे ना हे माणूस बघतो तसं. काळजी नव्हती. होतं ते एवढंच, की शीटमध्ये एक ओळ चुकली आहे. हे त्याला नवीन नव्हतं. दुपारच्या सुट्टीत रॅफल्स प्लेसच्या हॉकर सेंटरमध्ये लोक टेबलावर टिशूचं पाकीट ठेवून जागा धरतात आणि मग जेवण आणायला रांगेत जातात. कोणी त्या जागेवर बसत नाही, सगळे पाकिटाला मान देतात. आपणही कधीतरी असंच पाकीट ठेवून उठलो आणि परत आलोच नाही, असं त्याला मध्यंतरी एकदा वाटलं होतं. ते त्यानं मेधाला सांगायचं ठरवलं होतं. मग रविवार आला, कपड्यांच्या घड्या आल्या, आणि राहून गेलं.

खरं म्हणजे तो आज तिच्याबरोबर सायकलवर असायला हवा होता. दोन तिकिटं काढलेली होती. मेधाला अडचण नव्हती. चार वर्षांपूर्वी तिनं इथलं नागरिकत्व घेतलं आणि तिचा पासपोर्ट लाल झाला. त्याचा अजून निळाच होता. आई आहे तोवर नको, असं तो म्हणायचा. मग आई गेली आणि तो काहीच म्हणेनासा झाला. व्हिसा त्याच्याकडे होता, ऑफिसच्या कामासाठी काढलेला, दोन वर्षांचा. पण तो इथला नागरिक नव्हे, नुसता पर्मनंट रेसिडेंट. आणि अशा माणसाला बाहेर जाऊन परत यायचं तर एक वेगळं परमिट लागतं, दर काही वर्षांनी नवं करायचं. ते नसताना विमानात बसलं की इथलं राहणं संपलं, नोकरीसकट. मेच्या दोन तारखेला, निघायला तेरा दिवस राहिले असताना, मेधानं कागद लावता लावता विचारलं, "तुझं रिएंट्री परमिट कधीपर्यंत आहे रे?" आणि ते एप्रिलातच संपलेलं निघालं. चेन पडली तर हात पुसायला काय, हे लिहून ठेवणारा माणूस हे विसरला. मेधा आधी हसली, कारण तिला ते खरंच वाटेना. तो विसरला होता हे खोटं नव्हतं. त्यानं त्याच रात्री अर्ज केला. महिनाभर लागेल, असं तिथे लिहिलं होतं. तू जा, असं त्यानं मेधाला सांगितलं, आणि सांगताना त्याला थोडं हायसं वाटलं. तेव्हा त्यानं त्याकडे लक्ष दिलं नाही.

परमिटचं पत्र आठवड्यात आलं. नऊ तारखेला, बुधवारी, ऑफिसातून येताना खालच्या पत्रपेटीत ते मिळालं, विजेच्या बिलाबरोबर. त्यानं लिफ्टमध्ये फोडलं. मंजूर. पाच वर्षं. तेरावा मजला येईपर्यंत त्यानं ते दोनदा वाचलं आणि घडी घालून पँटच्या खिशात ठेवलं. सांगू या, जेवताना सांगू. जेवताना मेधा म्हणाली, "एकटीनं जायचं म्हणजे जरा धडधडतंय." तो म्हणाला, "काही होत नाही, सगळं लिहून दिलंय." रात्री ती झोपल्यावर त्यानं ते पत्र हॉलमधल्या कपाटाच्या मधल्या ड्रॉवरमध्ये, जुन्या पासपोर्टांच्या खाली ठेवून दिलं. पंधरा तारखेला विमान. त्या सहा दिवसांत बोलायला किमान पन्नास जागा होत्या, हे तो आजही मोजून सांगू शकला असता.

का, हे त्यानं स्वतःलाही नीट विचारलं नव्हतं. पण उत्तर त्याला ठाऊक होतं आणि ते दीड वर्ष जुनं होतं. आई गेली तेव्हा तो चांगी विमानतळावरून मुंबईला आणि तिथून टॅक्सीनं पुण्याला गेला होता. मेधा बरोबर होती. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये माणसं भरली होती, रवींद्र, त्याचा धाकटा भाऊ, दाराशीच गळ्यात पडून हमसून रडायला लागला, आणि निशिकांतनं त्याच्या पाठीवर हात फिरवता फिरवता खोलीतल्या चपला बघितल्या आणि मनात म्हटलं, या बाहेर काढायला हव्यात. वैकुंठातही तसंच. विद्युतदाहिनीचं दार खाली आलं तेव्हा सगळ्यांनी मान खाली घातली आणि त्यानं घड्याळ बघितलं. पुढचे चार दिवस त्यानं मृत्यूच्या दाखल्याच्या पंधरा प्रती काढल्या, बँका केल्या, गॅसचं कनेक्शन बदललं. सगळे म्हणाले, निशिकांत होता म्हणून निभावलं. परतताना विमानात त्यानं जेवणाचा ट्रे पुसून खाल्ला आणि एक विनोदी सिनेमा शेवटपर्यंत बघितला. मेधानं मध्येच त्याच्या हातावर हात ठेवला. "तू एकदा रड तरी," ती म्हणाली. तो म्हणाला, "येत नाही." ती त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता, ती त्याला तपासत होती, पोराच्या अंगाला हात लावून ताप बघतात तशी. मग तिनं हात काढून घेतला. तो हात काढून घेणं त्याला अजून आठवत होतं, आणि आठवलं की आत काहीच हलत नव्हतं, हेही.

पूर्वी असं नव्हतं. एकोणनव्वद साली तो आणि मेधा सायकलींवरून खडकवासल्याला गेले होते, घरी न सांगता. वडगावच्या पुढे मेधाच्या सायकलीची चेन पडली. त्यानं ती बसवली, हात काळे झाले, पुसायला काही नव्हतं, म्हणून तिनं आपल्या ओढणीचं टोक पुढे केलं. तो नको म्हणाला, तर तिनं त्याचे हात धरून स्वतःच पुसले, पंजापासून बोटांपर्यंत, शांतपणे, आणि मग सायकलवर टांग मारून इतकी पुढे निघून गेली की धरणापर्यंत तो तिच्या पाठीकडे बघत पॅडल मारत राहिला. तेव्हा छातीत जे झालं होतं त्याला तो आनंद म्हणाला असता किंवा भीती. पण होतं, हे नक्की. जानेवारीत तिनं सायकलींचं नाव काढलं तेव्हा तिच्या मनात तो रस्ता असणार, हे त्याला कळलं होतं. आणि इथेच सगळं आलं. तो तिथे जाईल, घुमटाच्या त्या सुंदर व्हिलापुढे सायकल टेकवून उभा राहील, मेधा त्याच्याकडे वळेल आणि त्याला तपासेल. आणि त्याला काही वाटत नसेल. चपला बाहेर काढायला हव्यात, एवढंच वाटेल. घरात हे झाकता येतं, ऑफिस असतं, बातम्या असतात. तिथे ते उघड्यावर पडलं असतं, ऊन असताना, पंचवीस वर्षांच्या मुहूर्तावर. त्यापेक्षा परमिट न आलेलं बरं. ती एकटी जाऊन आली, की म्हणता येईल, अरेरे, मी असायला हवा होतो. हे म्हणायचं वाक्यही त्यानं तयार ठेवलं होतं. फक्त तिला ते पत्र कधी कळता कामा नये. ते कळलं तर ती जाईल, म्हणजे घर सोडून नव्हे कदाचित, पण तो हात तिनं काढून घेतला होता तशी, कायमची.

चांगीला तो तिला पोचवायला गेला होता. पासपोर्ट दाखवून आत जायच्या दाराशी मेधा थांबली. तिनं त्याच्या शर्टची कॉलर सारखी केली, त्याची गरज नसताना. "काही राहिलंय का?" तिनं विचारलं. तो क्षणभर आठवत राहिला. "सनस्क्रीन," तो म्हणाला, "बाहेरच्या कप्प्यात आहे." ती हसली, मान हलवली आणि आत गेली. ती काचेपलीकडे गेली तरी दोनदा वळून बघत होती, आणि तो दोन्ही वेळा हात हलवत होता.

सहा छत्तीस. ठिपका वीस मिनिटं एका जागी. त्यानं फोन लावला. बरीच रिंग झाली.

"हं, बोल," मेधा म्हणाली. मागे बायका मोठमोठ्यानं बोलत होत्या, कुठेतरी बादली ठेवल्याचा आवाज आला.

"तू डावीकडे वळलीस."

"हो."

"उजवीकडे होतं. चौथा व्हिला तिथून आठशे मीटर आहे."

"माहितीये. पाटी होती."

"मग?"

"इथे चेरी काढतायत, टेकडीच्या पायथ्याशी. शिडीवरच्या एका बाईनं हात केला म्हणून आले. आता पुढ्यात हे एवढं टोपलं ठेवलंय. एकमेकींचं एक अक्षर कळत नाही, पण खाणं चाललंय."

तिचा आवाज मोकळा होता. "तिसऱ्याच्या फाटकाशी कुत्रा घेऊन माणूस होता का?" त्यानं विचारलं.

"नाही रे. कोणी नव्हतं. निशी, तू मला महिनोन् महिने दाखवलंस ते सगळं करडं होतं. इथे सगळं हिरवं आहे. गव्हात लाल फुलं आहेत. निघाल्यावर पहिला तासभर मला वाटत होतं, आपण भलत्याच रस्त्यावर आहोत." मग तिनं तोंडातली बी थुंकल्यासारखा आवाज केला. "बरं, तुझं परमिट आलं का?"

तिनं ते सहज विचारलं होतं, दूधवाला आला का, असं विचारावं तसं. निशिकांतनं समोर बघितलं. जहाजांवर एकेक दिवा लागत होता.

"नाही," तो म्हणाला. "अजून नाही."

बायकांचे आवाज लांब गेले. ती उठून बाजूला आली असावी, पायांखाली गवत वाजत होतं.

"सामानाची यादी," मेधा म्हणाली. "ओळ चौदा. अडॅप्टर, दोन नग, हॉलमधलं कपाट, मधला ड्रॉवर, जुन्या पासपोर्टांखाली. तूच लिहिलंस, निशी. जानेवारीत."

त्याला ती ओळ दिसली, रकान्यासकट. पत्र ठेवताना त्याच्या हाताला प्लास्टिकची पिशवी लागली होती, तिच्यात काय आहे ते त्यानं बघितलं नव्हतं.

"कधी?" त्यानं विचारलं.

"निघायच्या आदल्या दिवशी. मला वाटलं, रात्री सांगेल. मग वाटलं, टॅक्सीत सांगेल. दाराशी मी तुला विचारलं, काही राहिलंय का. तू सनस्क्रीन म्हणालास."

"मेधा."

"मी आत गेल्यावरही गेटपाशी अगदी शेवटची उभी राहिले. ती एअरलाइनची मुलगी माझ्याकडे बघत होती. तुझी सीट मी तोवर रद्दसुद्धा केली नव्हती."

त्याला वाटलं, तयार ठेवलेलं वाक्य कुठेतरी असेल. ते नव्हतं. "मला भीती वाटली," तो म्हणाला, आणि आपला आवाज ऐकून थबकला. "की तिथे येऊन मी उभा राहीन आणि मला काहीच वाटणार नाही. आणि तुला ते दिसेल."

"ते मला आई गेल्यापासून दिसतंय," मेधा म्हणाली. ती रडत नव्हती, चिडलीही नव्हती, दमलेली होती. "ते दिसत असताना मी दोन तिकिटं काढली होती ना?"

तिकडे कोणीतरी हाक मारली, तिचं नाव नव्हे, नुसतीच हाक.

"मी आता पुढे कुठे जाणार आहे मला माहीत नाही," ती म्हणाली. "तुझे उरलेले बंगले बघीन किंवा नाही बघणार. लोकेशन बंद करते. बॅटरी भरपूर आहे, उगाच काळजी करू नकोस. मला फक्त थोडा वेळ कोणी न बघता सायकल चालवायची आहे."

फोन ठेवल्यावर त्यानं नकाशा उघडला. ठिपका होता. मग नव्हता. त्यानं आखलेली निळी रेघ तेवढी राहिली, सहा खुणांसकट, आणि तिच्यावर कोणी नव्हतं.

तो उठला, हॉलमध्ये गेला आणि मधला ड्रॉवर ओढला. पत्र ठेवल्यापासून त्यानं तो उघडला नव्हता. जुने पासपोर्ट एका बाजूला नीट लावून ठेवलेले होते. पत्र वर होतं, घडी उलगडून सरळ केलेलं, आणि ते उडू नये म्हणून ठेवावं तसा त्यावर एक अडॅप्टर. दोनातला एक ती घेऊन गेली होती. दुसरा तिनं त्याच्यासाठी ठेवला होता, त्याला दिसेल असा, पंधरा तारखेच्या सकाळी, तो अंघोळीला गेला असताना केव्हातरी. दिवसभर ती वाट बघत होती की तो ड्रॉवर उघडेल.

त्यानं अडॅप्टर उचलला आणि मुठीत धरला. त्याच्या दोन गोल पिना तळव्यात रुतल्या. त्यानं मूठ आणखी आवळली. नकाशावर ती कुठेही नव्हती, टेकडी चढत असेल, उतरत असेल, चेन पडली असेल, हात काळे झाले असतील, आणि त्यानं आखलेल्या एकाही ओळीत हे नव्हतं. त्याला आता काहीतरी वाटत होतं. ती भीती होती. ती मागे कधी वाटली होती हे आठवायलाही त्याला वेळ लागला नाही. धरणाच्या रस्त्यावर, पुढे जाणाऱ्या त्या पाठीकडे बघताना.

अदिती खोलीतून बाहेर आली. "बाबा, डिनर हाउ?" ती म्हणाली. "अँड व्हेअर इज आई नाउ?"

"माहीत नाही," निशिकांत म्हणाला.

आवाज त्याचा नव्हता, मध्येच फाटला होता. अदितीनं कानातलं काढलं आणि ती त्याच्याकडे बघत राहिली.